न कापलेली सुतळी

पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला एक भाताची गिरणी होती. तिथे रंभा घरत नावाची बाई अठरा वर्षं कामाला होती. सुरुवातीची काही वर्षं तिने गोण्या शिवल्या आणि उरलेली सगळी तुसाच्या खोलीत काढली. गोण्या शिवणं म्हणजे सावलीत बसून करायचं काम, गिरणीतल्या बायकांच्या लेखी अगदी राजेशाही. तुसाच्या खोलीत नाकातोंडात धूळ, डोळ्यांत कुसळं आणि संध्याकाळी घरी जाताना पोरंसुद्धा ओळखायची नाहीत असं रूप. कोणी शहाणी बाई गोण्यांवरून तुसात जायची नाही. रंभा गेली, आणि ती का गेली हे सांगायचं तर एका ग्रहणापासून सुरुवात करावी लागते.

ती शूर होती असं कोणी समजू नये. रंभा भित्री होती. गिरणीचा भोंगा वाजला की ती दचकायची, आणि तो भोंगा रोज वाजायचा. मुकादमाच्या वहाणांचा आवाज आला की तिचा हात आपोआप दुप्पट वेगाने चालायला लागायचा. त्या वेगामुळेच तर तिला ती जागा मिळाली. तिच्या आधी गोण्या शिवायला गडीमाणसं असत. बाईचा हात गड्यापेक्षा भराभर चालतो हे दाजी मुकादमाच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याने गड्यांना वजनकाट्यावर नेलं आणि त्यांच्या जागी रंभासकट पाच बायका बसवल्या. काम तेच, दाभण तेच, दिवसाकाठी चार गोण्या जास्तच. मजुरी मात्र बाईची. बाईची मजुरी म्हणजे गड्याच्या निम्मी. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की याला अन्याय म्हणतात हेही कोणाच्या मनात येत नसे. सगळे त्याला दस्तूर म्हणत.

दुसरा दस्तूर याहून वाईट होता. बाई पोटुशी आहे असं कळलं की तिचं नाव हजेरीतून जाई. गडी बाप होणार असला की त्याला शेठ स्वतःच्या हाताने गुळाचा खडा देत आणि आता जबाबदारी वाढली, नीट काम कर म्हणून पाठ थोपटत. त्याच बातमीची एकाला पाठीवर थाप आणि दुसरीला फाटकाबाहेरची वाट, यात शेठला काही विसंगत वाटत नसे. त्यांनाच कशाला, कोणालाच वाटत नसे.

रंभा या दस्तुरातून एकदा गेली होती. एकोणपन्नास सालच्या थंडीत मुकादमाने तिला ओकारी काढताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. नवरा बळीराम मचव्यावर खलाशी, आठ महिने दर्यावर. येईल तेव्हा येईल, आणील ते आणील. घरात सासू जनी आणि ही, दोघीच. मग रंभा मिठागरात गेली, कारण त्या दिवसांत पोटुशा बाईला काम देणारी तेवढी एकच जागा होती. तिथे कोणी पोटाकडे बघत नसे, डोक्यावरच्या पाटीकडे बघत. हातभर रुंदीच्या बांधावरून ओल्या मिठाची पाटी घेऊन दिवसभर चालायचं, पायांना चिरा, चिरांत मीठ. सहाव्या महिन्यात एका दुपारी बांधावरच तिच्या पोटात कळ आली. पाटी खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. मुलगा होता. जनीने त्याला खाडीच्या काठाला पुरलं आणि त्यावर ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही, कारण बोलली असती तर दोघींना सावरणारं तिसरं माणूस घरात नव्हतं.

पुढे दिवाळीला भाताचा हंगाम आला, शिवणाऱ्या बायका कमी पडल्या आणि मुकादमाने तिला परत घेतलं. त्याने तिला विचारलंसुद्धा, कशी आहेस म्हणून. माणूस तसा गोड बोलायचा.

आता बावन्न सालचा माघ चालू होता आणि रंभाला पाचवा महिना लागला होता. सडपातळ बाई, लुगडं घट्ट कसून नेसायची, वर पदर कमरेला खोचायची आणि गोणीमागे बसायची. घरात जनीला माहीत होतं. गिरणीत फक्त हव्वाबीला.

हव्वाबी ही पाखडणारी. नवरा वारल्यापासून वीस वर्षं सूप हातात होतं. बायका काय लपवतात हे तिला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. तिनेच रंभाला ती गोष्ट सांगितली होती, जिच्या आधारावर रंभा दिवस ढकलत होती.

"होळीनंतर सरकारी साहेब येतो बघ, बुकं तपासाय," हव्वाबी म्हणाली होती. "त्याच्यासमोर उभं राहायचं आनी सांगायचं, मी पोटुशी हाय. हजेरीत नाव असलं आनी साहेबाच्या वहीत गेलं, मंग शेठचा बापबी काढू शकत नाय. बाळंतपनाचे दोन महिने पगार, आनी जागा तुझी तुला. कायदा हाय तसा. मला मागल्या साली साहेबच बोलला."

"मंग कुनी घेतला का नाय आजवर?"

"साहेब येईपर्यंत कुनी राहील तवा ना," हव्वाबी म्हणाली.

कायद्याची खबर मुकादमालाही होती आणि ती बायकांच्या आधीपासून होती. म्हणून तर दरसाल होळीच्या आधी तो हजेरी साफ करून घ्यायचा. साहेब आला की त्याला एकही पोटुशी बाई दिसायची नाही, आणि गिरणी कशी कायद्याने चालली आहे असा शेरा तो मारून जायचा. एके साली मुकादमाने बायकांना भरली गोणी उचलायला लावली, एके साली सगळ्यांना कच्च्या कैऱ्या वाटल्या आणि कोण किती खातं ते बघत उभा राहिला. यंदा त्याला फार डोकं खाजवावं लागलं नाही. यंदा अमावास्येला सूर्यग्रहण होतं.

"मला वैद्य लागत नाही, पंचांग पुरतं," असं तो शेठला म्हणाला. ते काट्यावरच्या गड्याने ऐकलं, त्याने हसत हसत बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गिरणीत झालं. हसण्यासारखं काय होतं ते त्या गड्यालाच ठाऊक.

सोमवारी दुपारी ग्रहण लागणार होतं. शनिवारी मुकादमाने हुकूम सांगितला. गड्यांना दुपारपासून सुट्टी, खाडीवर जाऊन स्नान करा, ग्रहण पाळा. बायकांनी मात्र थांबायचं. गड्यांनी सकाळी भरून ठेवलेल्या गोण्या ग्रहण लागल्यावर शिवायला घ्यायच्या आणि सुटायच्या आत सगळ्या शिवून झाल्या पाहिजेत. पाखडणाऱ्या, निवडणाऱ्या, सगळ्या अकरा बायकांनी त्या दिवशी दाभण धरायचं. जी येणार नाही, तिने पुन्हा येऊ नये.

ग्रहणात पोटुशीने काय करू नये हे पनवेलच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, टोचायचं नाही. आईने भाजी चिरली तर पोराचा ओठ फाटका निघतो, सुई टोचली तर कानाला भोक. खालच्या आळीत एक फाटक्या ओठाचा माणूस होता, त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्या सासवा सुनांना हे शिकवायच्या. बाईने दाराआड अंधारात हातपाय सरळ ठेवून पडून राहायचं, बस्स. मुकादमाचं गणित साधं होतं. जी घरी राहील ती पोटुशी, आणि येऊन जी दाभणाला हात लावणार नाही तीही पोटुशी.

 शनिवारी संध्याकाळी रंभाने जनीला सांगितलं, तेव्हा जनी चुलीपुढे मासळी साफ करत होती. 

"जायचा नाय," जनी म्हणाली.

"नाय गेली तर मिठागर हाय, आये."

मिठागर म्हटल्यावर जनीने मासळी बाजूला सारली.  मग ती उठली, तिने कोपऱ्यातलं जुनं बारदान ओढून आणलं आणि उजेडाकडे धरलं. तागाची वीण विरळ होती, पलीकडचा दिवा बारीक बारीक चौकोनांतून दिसत होता.

"ही भोकां हायेत ती," जनी म्हणाली, "त्यांच्यातून दाभन घाल. धाग्याला लागू द्यायचा नाय. टोचला नाय म्हंजे शिवला नाय."

आता हे काही शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. पण घरात शास्त्र जनी सांगायची, आणि त्या घरापुरतं ते पुरेसं होतं. रविवारी दिवसभर दोघींनी सराव केला. रंभाने दाभण भोकातून अलगद घालायचं आणि जनीने नाक बारदानाला लावून बघायचं, धागा तुटला का. गाठ चालेल का, असं रंभाने विचारलं. जनीने विचार केला आणि गाठीचं आपण काही ऐकलेलं नाही म्हणून ती मारायला हरकत नाही असा निकाल दिला. सुतळी कापण्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र ती जागची हलली नाही.

"कापायचा म्हंजे कापायचा. त्याला वाट नाय."

"मंग गोनी सुटी कशी करू?"

"नको करू. एकीतून दुसरीत तशीच सुतली ने. गरान सुटला का काप."

असं ठरलं. सोमवारी सकाळी जनीने तिच्या पदराला तुळशीचं पान बांधलं, आणि गिरणीच्या फाटकापर्यंत ती मागे मागे आली. आजवर कधी आली नव्हती.

दुपारी गडी हसतखिदळत खाडीकडे गेले. इंजिन बंद झालं. रोज ज्या आवाजात एकमेकींना ओरडून बोलावं लागे, तो आवाज थांबल्यावर गिरणीत श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. गोण्यांची लांबच लांब रांग, आणि तिच्यामागे अकरा बायका. रंभाच्या डाव्या हाताला हव्वाबी होती. उजवीकडे सात गोण्या सोडून वेणू बसली होती. वेणू करंजाड्याची पोर, मार्गशीर्षात लग्न झालेली, कामावर नुकतीच लागलेली. ती इतकी लहान दिसायची की बायका तिला चिडवायच्या, सासूने सून आणली की कोंबडीचं पिल्लू म्हणून. त्या दिवशी तिला कोणी चिडवलं नाही.

मुकादम कचेरीत दार लावून बसला. त्याने स्वतः ग्रहण कडक पाळलं होतं, सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं. दुसऱ्याला मोडायला लावायचं आणि आपण पाळायचं, एवढी त्याची श्रद्धा पक्की होती.

तीन वाजून गेले आणि उजेड बदलला. ढग आल्यावर होतो तसा नाही. ऊन होतं, पण त्यातला जीव गेल्यासारखं झालं. कावळे ओरडायला लागले. रंभाने पहिली गोणी धरली. दाभण भोकापाशी नेलं तेव्हा टोक धाग्यावरच टेकलं. तिने हात मागे घेतला. पोटात काहीतरी हललं. ते गेल्या आठ दिवसांतच हलायला लागलं होतं, आणि एरवी ती त्याची वाट बघायची. आत्ता तिला वाटलं, ते आत अंग चोरतंय.

तिने डोळे मिटले, उघडले आणि दाभण भोकातून घातलं.

गिरणीच्या पत्र्याला ठिकठिकाणी भोकं पडली होती. रोज दुपारी त्यांतून उन्हाचे गोल गोल कवडसे जमिनीवर पडायचे, आणि बायका त्यांवरून जेवणाची वेळ ओळखायच्या. चौथी गोणी शिवताना रंभाची नजर मांडीवर गेली. कवडसा गोल राहिला नव्हता. त्याचा एका बाजूने कोणी लचका तोडला होता. तिने बाजूला पाहिलं. सगळेच कवडसे तसे झाले होते. गोण्यांवर, जमिनीवर, हव्वाबीच्या पांढऱ्या ओढणीवर, जिकडे तिकडे खाल्लेले सूर्य पडले होते. ग्रहण दारं लावून बाहेर ठेवता येतं अशी तिची समजूत होती. ते आत येऊन तिच्या अंगावर बसलं होतं. ती सरकली तर दुसरा कवडसा नेमका पोटावर आला. तिने त्यावर पदर ओढला, तर तो पदरावर आला.

"बघू नको तिकडं," हव्वाबी ओठ न हलवता पुटपुटली. तिचं मनातल्या मनात अल्लाचं नाव चाललंच होतं. "शिव तू."

रंभा शिवत राहिली. पाचवी झाली, सहावी झाली. एका गोणीतून दुसरीत सुतळी तशीच जात होती, आणि मागे एकाला एक बांधलेल्या गोण्यांची माळ तयार होत होती. सातव्या गोणीपाशी ती वेणूच्या अगदी जवळ आली. वेणूची एकही गोणी शिवून झाली नव्हती, पहिलीचंच तोंड नुसतं हातात धरून ती बसली होती.

तेवढ्यात कचेरीचं दार वाजलं. मुकादम बाहेर आला. डोक्यावर छत्री होती. छपराखालीसुद्धा त्याने ती उघडली होती, कवडसे अंगावर पडू नयेत म्हणून. कोणी हसलं असतं, पण हसण्याची ती वेळ नव्हती. वहाणांचा आवाज आला आणि रंभा दचकली. मांडीवरचा सुतळीचा गुंडा निसटला, घरंगळत गेला आणि वेणूच्या पायाशी जाऊन थांबला. दाभण सातव्या गोणीत तसंच राहिलं. रंभा मागे सरकून आपल्या जागी गेली. का गेली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पायांनी नेलं.

मुकादम रांगेवरून चालत आला. त्याला ती सुतळी दिसली. त्याने छत्री न मिटता वाकून एका बोटाने ती उचलून धरली. सात गोण्या एकीत एक ओवलेल्या. तो मूर्ख नव्हता, त्याला लगेच कळलं.

"वा," तो म्हणाला. "शिवली, पण कापली नाही. कोणाची ही?"

 त्याची नजर सुतळीवरून गुंड्यापाशी आली आणि गुंड्यावरून वेणूच्या पायापाशी. त्याने कोनाड्यातली सुरी आणून तिच्यापुढे टाकली.

"तुझी का गं? मग काप बघू."

वेणूने सुरी उचलली. तिला एवढंच म्हणायचं होतं की माझी नाही. किंवा सरळ कापून मोकळं व्हायचं होतं, अर्ध्या पळाचं काम. तिने सुतळी दोन बोटांत धरली. मग मान वळवून रंभाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती. पोरीने नुसतं पाहिलं. रंभाने तोंड उघडलं. माझी आहे, दोन शब्द. ते छातीपर्यंत आले, आणि त्यांच्या आधी तिला मिठागराचा तो बांध दिसला. शब्द तिथेच राहिले.

वेणूच्या हातातली सुरी खाली ठेवली गेली. तिची पाळी आठ दिवस चुकली होती. अजून घरातही कोणाला सांगितलेलं नव्हतं, तिची तिलाच खात्री नव्हती. पण ग्रहणात कापायचं कसं?

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम म्हणाला. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "घरी आराम कर. बरं असतं अशा दिवसांत."

ग्रहण सुटलं तेव्हा कवडसे पुन्हा गोल झाले. वेणू डबा घेऊन निघून गेली होती, मुकादम ग्रहणाच्या स्नानाला. रंभाने ती सुतळी सहा ठिकाणी कापली. हात थरथरत नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

होळीनंतर आठवड्याने साहेब आला. चष्मेवाला, घाईचा माणूस. शेठने त्याच्यापुढे शहाळं ठेवलं होतं. रंभा दारात उभी राहिली.  ती बोलली. "साहेब, मी पोटुशी हाय. हजेरीत नाव हाय माझा." बाप होणाऱ्या गड्यांना मिळायचा तो शेठचा गुळाचा खडा अर्थात तिच्यासाठी नव्हता. साहेबाने वही काढली, नाव लिहिलं, तारीख लिहिली. मुकादम साहेबाच्या खुर्चीमागे उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याला त्या क्षणी ती सुतळी कोणाची ते उमगलं असावं.

साहेब लिहिता लिहिता म्हणाला, "आणखी कोणी? एवढ्यात कोणाला या कारणाने काढलंय का?"

मुकादमाने डोळे हलवले नाहीत.

"नाय," रंभा म्हणाली.

असं ती दोनदा गप्प बसली. पहिल्यांदा भीतीने तोंड बंद केलं होतं, त्याची माफी स्वतःकडे मागता येते. दुसऱ्यांदा तिने तोंड उघडून खोटं सांगितलं.

वैशाखात जनी बाजारातून बातमी घेऊन आली. करंजाड्याची ती पोर मिठागरात पाट्या वाहत होती. चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं. जनीने एवढंच सांगितलं आणि ती पाणी आणायला निघून गेली. रंभा भिंतीला टेकून बसली. त्या दिवसापासून तिला एका नव्याच भीतीने धरलं. ग्रहणाने आपल्याला सोडलेलं नाही, ते पोटात दबा धरून बसलंय. आणि वेणूचं घेतलं तसं आपलंही घेणार, नाहीतर फाटक्या ओठाचं करून हातात देणार. ती रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असायची. जनीने नवस बोलून घेतले, दृष्ट काढली. त्याने भीती गेली नाही.

आषाढात मुलगी झाली. सुईण नाळ बघत होती आणि रंभा ओरडत होती, "ओठ बघा, आधी ओठ बघा." ओठ अखंड होता. कान अखंड होते. जनीने दिवा जवळ धरला आणि दोघींनी पोरीच्या हातापायांची वीस बोटं तपासली. सगळं जागच्या जागी होतं. रंभा त्यानंतर जी रडली, ती जनीला वाटलं आनंदाने.

बाराव्या दिवशी बारशाला वेणू आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आणखी बारीक झाली होती, पायांना मिठाच्या चिरा होत्या. पोरीचं नाव कमळा ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बायका उठल्या, तरी वेणू पाळण्यापाशी बसून होती. तिने पोरीचा ओठ बोटाने हलकेच चाचपला, मग कानाची पाळी.

"चांगली हाय," वेणू म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "सुतली तुझी होती. मना ठावं होता."

रंभाने पाळण्याची दोरी सोडली. "मंग बोलली का नाय?"

"बोलली असती, तर तुलाबी काढला असता, आनी कापली नाय म्हनून मनाबी काढलाच असता. दोघी गेलो असतो." तिने पोरीवरचं फडकं नीट केलं. "तुझा तरी ऱ्हायला."

ती उठून गेली. रंभाला शिव्या खाव्या लागल्या असत्या तर तिने त्या पदरात घेतल्या असत्या. हे वाक्य कुठे ठेवावं हे तिला कळेना.

पुढच्या साली होळीनंतर साहेब पुन्हा आला. रंभा कामावर परतून सहा महिने झाले होते, जागा तीच, दाभण तेच. बाळंतपणाचा पगार मिळालेली त्या गिरणीतली ती पहिली बाई. शेठ पाहुण्यांना अभिमानाने तिच्याकडे बोट दाखवायचे. कोणी तिला साहेबापुढे बोलावलं नव्हतं. ती स्वतः कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. वर्षभर तिने हे वाक्य मनात घोकलं होतं आणि आता त्यातला एकही शब्द आठवत नव्हता. मुकादम पुन्हा खुर्चीमागेच होता. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "मागल्या साली तुमी इचारला, कुनाला काढला का. मी नाय बोलली. त्ये खोटा होता."

पुढे तिने सगळं सांगितलं. ग्रहण, गोण्या, सुतळी. मध्येच साहेबाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठता आलं नसतं. साहेबाने चष्मा काढून पुसला, शेठकडे बघितलं आणि जुनी हजेरी मागवली.

वेणूला परत घ्यावं लागलं. मुकादमाला शेठने चार शब्द सुनावले, तेही साहेब फाटकाबाहेर जाईपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी रंभाला शिवणीवरून तुसाच्या खोलीत पाठवलं. कायद्यात तुसाचं काही लिहिलेलं नव्हतं. मुकादम गोडच बोलला, तिकडे माणूस हवंय म्हणाला. त्या खोलीने तिला पुढे खोकला दिला, तो शेवटपर्यंत राहिला. ती त्याबद्दल कोणाला बोलल्याचं ऐकिवात नाही. भीतीही गेली नाहीच. चौसष्टात दाजी मुकादम काम सोडून गेला, तरी वहाणा वाजल्या की ती मागे वळून बघायची.

वेणू परत आली, त्या पहिल्या दिवशी तिला रंभाचीच जागा दिली होती. दुपारी रंभा तुसाच्या खोलीतून पाणी प्यायला बाहेर आली. केसांपासून पायांपर्यंत तुसाने पिवळी झालेली, डोळे लाल. वेणूने गोणीला शेवटचा टाका घातला, गाठ मारली, आणि सुरी तिच्यापुढे धरली.

"काप," वेणू म्हणाली.

रंभाने आधी मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग तिने वाकून सुतळी कापली, सुरी वेणूच्या हातात परत दिली आणि ती पाणी प्यायला गेली.